बोटाला कळणारे चणे

"हे काय आहे?" आत्यानं विचारलं.

"चणे," स्टोअरवाला म्हणाला.

"हे डबे आहेत."

"डब्यात चणे आहेत, आत्या."

"मग बाहेर काढून आण. मी चणे शिजवते, डबे नाही."

स्टोअरवाला ट्रॉलीचं हँडल धरून दारातच उभा. आत जायची हिंमत नाही, परत जायची सोय नाही. ट्रॉलीवर खोक्यांचा डोंगर आणि प्रत्येक खोक्यावर चण्यांचं रंगीत चित्र. खऱ्या चण्यांनी लाजावं इतके ते चित्रातले चणे चकचकीत होते.

"साहेबांनीच सांगितलंय," तो म्हणाला. "सुके चणे बंद. आता हेच यायचे."

"कुठल्या साहेबांनी?"

"नव्या."

"त्या नव्याला सांग, आत्या म्हणते इकडे ये."

मी कांदे सोलत बसले होते. मला हसू आलं, म्हणून मान खाली घातली. आत्या चिडली की बघायला मजा येते, फक्त आपण समोर नसलो पाहिजे.

आमचं किचन बसगाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपच्या मागच्या बाजूला आहे. एक मोठी शेगडी, दोन लहान, एक लांब ओटा, आणि जेवणाच्या शेडकडे उघडणारी खिडकी. त्या खिडकीतून ताटं जातात आणि पत्रा ठोकल्याचा आवाज आत येतो. इथे साधं जेवण असतं. चण्यांचा रस्सा, डाळ, भाज्या, ब्रेड, भात. नासेल असं काही नाहीच. माझा जन्म व्हायच्या आधीपासून आत्या इथे स्वयंपाक करते. ती माझी खरी आत्या, बाबांची मोठी बहीण. पण वर्कशॉपमधले सगळेच तिला आत्या म्हणतात, तिच्यापेक्षा म्हातारा वेल्डरसुद्धा.

मी शाळा सोडली. सोडली म्हणजे गणिताच्या सरांशी वाजलं, मी दप्तर उचललं आणि जी निघाले ती परत गेलेच नाही. मग शिवणाचा क्लास लावला, तिथल्या बाईंशी वाजलं. मग मोबाईलच्या दुकानात बसले, तिथे गिऱ्हाइकाशीच वाजलं. शेवटी बाबांनी मला आत्याकडे आणून सोडलं. जुनं कपाट कुणाला तरी देऊन टाकतात ना, तसं. उपयोग झाला तर झाला, नाहीतर निदान घरातली जागा मोकळी. वेल्डरनं पहिल्याच दिवशी माझं नाव ठेवलं ठिणगी. त्याला ठिणग्यांमधलं कळतं, असं तो म्हणतो.

नवा साहेब आला. वाईट माणूस नव्हता. शर्टाची बाही दुमडत, ओट्याला हात न लावता उभा राहिला.

"बाई, तुमच्या चण्यांना सकाळभर गॅस जातो."

"चण्यांना वेळ लागतोच, साहेब."

"यांना लागत नाही. शिजवूनच येतात. डबा उघडा, फोडणी द्या, झालं."

"शिजलेलं परत काय शिजवायचं?"

"तीच तर सोय आहे."

"मी नाही करणार."

साहेबानं एक श्वास घेतला. "मग मला जेवण बाहेरून मागवावं लागेल. किचन बंद करावं लागेल. मला नको आहे तसं, पण वरून विचारणा होते. या आठवड्यात करून बघा. माणसं नीट जेवली तर किचन राहील."

तो गेला. आत्यानं त्याच्या पाठीकडे बघितलं, मग खोक्यांकडे, मग माझ्याकडे.

"काय बघतेस? कांदे सोल."

मला वाटलं, हा सगळा आत्याचा ताठा आहे. तिचे सुके चणे म्हणजे तिचा देव्हाराच होता. संध्याकाळी घरी जायच्या आधी ती ते परातीत पसरून निवडायची. खडा, काळा पडलेला, किडका, सगळे बाजूला. मग मिठाच्या पाण्यात भिजत घालायची. जो वर तरंगेल तो गेला. सकाळी ते फुगून दुप्पट झालेले असायचे. चणे जुने असले तर चिमूटभर सोडा, नाहीतर तोही नाही. त्यात अख्खा कांदा मधून चिरून, लसूण सालासकट, एक तमालपत्र, आणि मंद आच. टोमॅटोला तोवर हातही लावू द्यायची नाही.

"आंबट आधी घातलं की चणा हट्टाला पेटतो," ती म्हणायची. "मग दिवसभर उकळ, मऊ होणार नाही. तुझ्यासारखा."

मधेच झाकणाला कान लावायची. मग एक चणा काढून अंगठ्यानं आणि बोटानं दाबायची, डोळे मिटून, वैद्य नाडी बघतो तशी. "अजून नाही." परत थोड्या वेळानं. "हां. आता." आणि ज्यात चणे शिजले ते पाणी, त्याचा थेंब कुणी सांडला तर खैर नाही. "सगळा जीव त्यात उतरलेला असतो," म्हणायची. रस्सा त्याच पाण्यात व्हायचा. मिठापुरता थेंब जिभेला लावायची, बाकी चाखायची मात्र कधी नाही. मी विचार करायचे, एवढा हात बसला की चाखायचं काम उरत नसेल.

तर डबे. मी ओपनर फिरवला, झाकण वर आलं आणि आतून बुळबुळीत, पिवळसर, घट्टसर पाणी दिसलं. त्यात चणे गप्प बसलेले. सगळे एका मापाचे.

"ओत," आत्या म्हणाली.

"पाण्यासकट?"

"चण्याचं पाणी कधी टाकतात का? ओत."

मी ओतलं. एक डबा, दुसरा, असे सगळे. पातेल्याखाली आच लागली आणि वाफ वर आली तशी मी मागे सरकले. घामेजल्या मुठीत लोखंडी खिळे बराच वेळ धरून ठेवावेत आणि मग मूठ उघडावी, तसला वास.

"आत्या, वास येतोय."

तिचा हात पळीवर जरा थबकला. "येणारच. नवीन आहे."

"नवीन म्हणजे? घाण वास येतोय."

"जास्त शहाणपणा नको. फोडणीत जाईल."

गेला नाही. फोडणीत तो आणखी चढला.

जेवणाची घंटा झाली. खिडकीतून ताटं गेली. आत्या नेहमीसारखी खिडकीशी उभी राहिली, हात फडक्याला पुसत, पहिला घास घेणाऱ्यांकडे बघत. वेल्डरनं घास घेतला, चावला आणि थांबला.

"आत्या, आज पत्र्याची भाजी का?"

शेड हसलं.

"अहो, दिवसभर पत्राच ठोकतो आम्ही," दुसरा कुणीतरी म्हणाला. "जेवताना तरी सुटका करा."

"ठिणगे, चमचा वितळून पडला का गं पातेल्यात?"

"तुमच्यासारख्यांना चमचाच घालायला हवा!" मी खिडकीतून ओरडले. माझं डोकं फिरलं होतं. एरवी आत्यानं एकेकाला भाजून काढलं असतं. आज ती नुसती तोंडं बघत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हरवलेली वस्तू शोधल्यासारखी.

बऱ्याच ताटांत रस्सा तसाच राहिला. फक्त पेंटर परत खिडकीशी आला आणि त्यानं ताट पुढे केलं.

"वाढ अजून."

"तुम्हाला आवडलं?"

"का? चांगलंय की."

"वास नाही आला?"

"मला?" पेंटर हसला. "माझं नाक थिनरनं कधीच खाल्लं, पोरी. परवा बायको ओरडली, काय जळतंय, काय जळतंय. मी म्हटलं, कुठे काय? बघतो तर माझीच बाही."

"मग जेवण कसं लागतं हो तुम्हाला?"

"खारट, तिखट, आंबट कळतं. बाकी सगळा पुठ्ठा. पण पुठ्ठ्यातही फरक असतो." तो ताट घेऊन गेला.

मी भांडी गोळा करून आत वळले आणि दारातच मला जळका वास आला. कापड जळतंय हे लगेच कळलं. आत्या मोठ्या शेगडीशी उभी होती, पातेलं खरवडत. तिच्या कोपराला लागूनच दुसरी शेगडी चालू होती. तिच्या कडेला टाकलेलं फडकं काळं होत चाललं होतं आणि त्यातून धुराची बारीक दोरी वर जात होती. ती दोरी थेट तिच्या चेहऱ्याशी पोचत होती. आत्या खरवडत राहिली.

मी थांबले. मुद्दाम थांबले. मला बघायचं होतं.

तिनं नाकसुद्धा वाकडं केलं नाही.

मग मी धावले, फडकं ओढलं, नळाखाली धरलं. चर्र झालं तशी ती वळली. तिनं माझ्या हातातलं काळं फडकं बघितलं, मग माझं तोंड बघितलं.

"नळ बंद कर," ती म्हणाली. "पाणी वाया जातंय."

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आत्या, मी बावळट नाहीये."

ती स्टुलावर बसली. आत्या स्टुलावर बसते ती फक्त कांदा चिरायला. रिकाम्या हातांनी बसलेली मी तिला पहिल्यांदाच बघितली.

"गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात ताप आला होता बघ. त्यात गेला वास. डॉक्टर म्हणाला, येईल परत. मी वाट बघितली. नाही आला."

"कुणाला सांगितलंस?"

"आत्ता तुला. तेही तू पकडलंस म्हणून."

"बाबांना पण नाही?"

"तुझ्या बाबाच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि सांगून काय करू? नाक नसलेली स्वयंपाकीण कोण ठेवतं? ड्रायव्हर म्हणाला, मला दिसत नाही, तर गाडी देतील का त्याच्या हातात?"

"मग इतके दिवस कसं केलंस?"

तिनं हात पुढे केला. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासली.

"याला कळतं. कानाला कळतं. पाणी आटत आलं की उकळीचा आवाज जाड होतो. कांद्याचा रंग डोळ्याला दिसतो. मीठ जिभेला कळतं थोडंफार. उरलंसुरलं त्या खिडकीतून कळतं. वेल्डरनं पहिल्या घासाला भुवई वर केली की समजायचं, लसूण कमी पडला. दुसऱ्या दिवशी वाढवायचा."

मला वाटायचं ती तिथे वाहवा ऐकायला उभी राहते.

"सुका चणा माझ्याशी बोलतो गं," आत्या म्हणाली. "कडक होता, मऊ झाला, हे बोटाला सांगतो. डब्यातला शिजूनच येतो. बोटाला सांगायला त्याच्याकडे काही उरलेलंच नाही. त्याचं जे काय आहे ते सगळं नाकाचं काम. आणि नेमकं तेच माझ्याकडे नाही."

म्हणजे ताठा नव्हताच तो. मला राग आला. साहेबाचा, डब्यांचा, त्या डॉक्टरचा, आणि दोन हिवाळे तोंड मिटून बसलेल्या आत्याचा सगळ्यात जास्त. मला राग आला की हातांना काहीतरी लागतं. मी खोक्यातून डबे काढले आणि ओट्यावर आपटत एका ओळीत मांडले.

"माझं नाक घे," मी म्हटलं.

"काय?"

"नाक. माझं. बस झालं रडगाणं."

"मी रडत नाहीये."

"मग ऊठ."

दुपारभर किचन आमचंच असतं. मी पहिला डबा उघडला, पाणी चाळणीतून जाऊ दिलं आणि चणे नाकाशी धरले.

"अजून डबाच येतोय."

"डबा म्हणजे काय? नीट सांग."

"पत्र्याचा वास, अजून काय."

"पत्रा उन्हातला का पावसातला?"

"आत्या, हा काय प्रश्न झाला?"

"मला वास येत नाही, पण आठवतो. उन्हातला पत्रा वेगळा, पावसातला वेगळा. तू नीट सांगितलंस तर मला आत दिसेल. सांग."

मी परत नाक घातलं. शाळेत मला निबंधात कधी काही सुचलं नाही. इथे सुचेपर्यंत ती सोडणार नव्हती.

"पावसातला," मी म्हटलं. "गंज चढलेला. आणि मागून जरा साबणासारखं काहीतरी."

"म्हणजे ते पाणी अजून अंगाला आहे. धू. फेस जाईपर्यंत धू. हातानं चोळ, पण हळू. पोराच्या डोक्याला साबण लावल्यासारखं."

मी धुतलं. फेस गेला. सालं सुटून वर आली, ती काढून टाकली. परत नाकाशी धरलं.

"आता?"

"आता काहीच नाही. उकडलेला कागद."

"हे बरं झालं," आत्या म्हणाली. "कोऱ्यावर लिहिता येतं."

मग तिनं ते कोरड्या फडक्यावर पसरले आणि दुसऱ्या फडक्यानं टिपले. एकही ओला राहू दिला नाही. कढईत तेल तापवलं, चणे सोडले आणि झारा हातात घेऊन उभी राहिली. सुरुवातीला नुसतंच चरचरलं. मग मधेच एक टिच् झालं. मग आणखी एक.

"हलवू का?" मी विचारलं.

"थांब." तिनं हात वर केला. कान कढईकडे केला. "ऐक."

टिच्. टिच्टिच्. चणे उडायला लागले, अंगावर तपकिरी ठिपके धरायला लागले. आत्याचा चेहरा एकदम बदलला. डबे आल्यापासून तो चेहरा बंद दुकानासारखा होता.

"बोलतायत," ती म्हणाली. "मेल्यांना तोंड आहे की!"

मला खमंग वास येत होता. मी सांगितलं, भाजलेल्या दाण्यासारखा, पण जरा गोड. ती मान हलवत होती, डोळे मिटून. "बस्स. याच्या पुढे गेले तर कडू होतील. हा आवाज ध्यानात ठेवते."

पुढे रस्सा. कांदा तिनं रंगावर परतला, चांगला विटेसारखा होईपर्यंत. लसूण ठेचून, जिरं, सुकी मिरची. मी टोमॅटो उचलला आणि जिभेवर आलंच, "आंबट आत्ताच? हट्टाला पेटतील ना?"

"हे नाही पेटत. यांचा हट्ट कारखान्यातच मोडलाय." टोमॅटो गेला. "आता अडचण अशी की आपलं ते पाणी नाही. रस्सा धरणार कशानं?"

"पीठ लाव."

"पीठ तुझ्या बाबाच्या पावसाळी चपलेला लाव." तिनं दोन मुठी चणे घेतले आणि वाटीच्या बुडानं चिरडले. त्यांचा लगदा रश्शात सोडला. रस्सा हळूहळू अंगाला आला. मग सगळे चणे आत, मंद आच, झाकण. नंतर गॅस बंद केला तरी झाकण उघडू देईना. "भाजलेत, आता पितील. पिऊ दे पोटभर." सगळ्यात शेवटी लिंबू पिळलं.

मी चाखलं. ती समोर उभी.

"बोल."

"चांगलं झालंय."

"चांगलं म्हणजे?"

"म्हणजे डबा गेला. कांदा आधी येतो, मग तो भाजलेला वास, मग मिरची. लिंबू मागून येतं."

"सुक्या चण्यांसारखं झालंय?"

मी थांबले. खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही. त्यांना आतून चव असते. यांना बाहेरून आहे."

"हं," ती म्हणाली. "हो म्हणाली असतीस तर आत्ताच बाबाकडे पाठवलं असतं."

त्या दिवशी आम्ही भांडलोही खूप. एका कढईत ती आवाज ऐकत राहिली आणि मी जळाले म्हणून ओरडले. ती म्हणाली तुझं नाक घाईचं आहे, मी म्हटलं तुझे कान म्हातारे आहेत. तो अख्खा घाणा फेकावा लागला. मिठावरून वाजलं. मी एप्रन काढून दारापर्यंत गेले. मग परत आले, कारण पुढचा डबा उघडून झाला होता आणि कुणीतरी वास घ्यायला हवाच होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाची घंटा झाली. ताटं गेली. शेडमध्ये आधी नेहमीसारखा गलका आणि मग हळूहळू शांतता. तोंडं कामात असल्यावर होते ती शांतता. वेल्डरनं भुवई वर केली नाही. त्यानं ब्रेड रश्शात बुडवला, खाल्ला, परत बुडवला.

"काय आत्या, आज पत्र्याला पॉलिश मारलं वाटतं?"

"तुझ्या टकलाला मारून उरलं होतं."

शेड खदखदलं. मी खिडकीखाली बसून हसून घेतलं.

साहेब आला. त्यानं उभ्याउभ्याच वाटी घेतली, मग बसला, मग दुसरी मागितली.

"बाई, हे डब्यातलेच ना?"

"डब्यातलेच."

"मग काल काय झालं होतं?"

"काल आमची ओळख नव्हती."

साहेब हसला. खूश झाला होता. "किचन राहणार, मी वर तसं सांगतो. आणि एक विचार आहे. गॅस वाचतोय, सकाळ मोकळी झाली, तर माणसांना सकाळचं दूध-अंडी देऊ. आठवड्यातून दोनदा मटण, मासे. सगळं तुमच्याच हाताखाली. काय म्हणता?"

मी उडीच मारणार होते. किचन राहिलं, वर वाढलंसुद्धा! मी आत्याकडे बघितलं. तिनं पळी पातेल्याच्या कडेला टेकवून ठेवली होती. मला लगेच कळलं ती काय करणार ते. मी तिचा दंड धरला आणि तिला भांड्यांच्या मोरीकडे ओढलं.

"गप्प बस," मी दात खाऊन म्हटलं. "एक शब्द बोलू नकोस."

"दूध नासलंय का, मटण उतरलंय का, हे मला कळत नाही."

"मला कळतं ना! मी आहे ना!"

"रोज?"

"रोज!"

"किती दिवस?"

मी तोंड उघडलं. शाळा, शिवणाचा क्लास, मोबाईलचं दुकान, सगळे रांगेत उभे राहून माझ्याकडे बघायला लागले. कालच मी एप्रन काढून दारापर्यंत गेले होते.

"तू जाशील एक दिवस," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा असता तर मी भांडले असते. टोमणा नव्हता. "त्यात वाईट काही नाही. तुझं वयच आहे जायचं. पण नेमकं त्याच दिवशी मटण खराब निघालं तर? ही माणसं माझ्या हातचं डोळे मिटून खातात, पोरी. चण्यात चव कमी-जास्त झाली तर शिव्या घालतील, पोटाला काही होणार नाही. हे तसं नाही."

"मग नाही म्हण नुसतं. जमत नाही म्हण. खरं कशाला सांगायचं?"

"का नाही म्हणते, हे तो विचारणारच. आणि मी खोटं बोलले तर ते पण निस्तरायला तूच लागशील."

"काढून टाकतील तुला!"

"काढू दे."

"आत्या!"

तिनं माझा हात दंडावरून सोडवला. बोटं ओली होती माझी. तिनं ती आपल्या एप्रनला पुसली, लहानपणी पुसायची तशी, आणि खिडकीशी गेली.

"साहेब," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण शेडमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. "मला वास येत नाही. दोन हिवाळे झाले. चणे, डाळ, भाजी हातानं नि कानानं करते. डब्यातल्याला नाक या पोरीचं होतं. दूध-मटण माझ्या भरवशावर ठेवू नका."

पेंटरनं चमचा खाली ठेवला. वेल्डर ताटाकडे बघत राहिला. मला वाटलं तो आता काहीतरी चावट बोलेल. बोलावं असं मला फार वाटत होतं. नाही बोलला.

साहेबानं बाही परत दुमडली, दुमडलेलीच होती तरी.

"बाई, हे आधी..." तो म्हणाला आणि थांबला. "मग मुख्य स्वयंपाकाला दुसरं माणूस आणावं लागेल मला. ते तुम्हालाही कळतंय."

"कळतंय."

"तुम्हाला काढत नाही मी. मदतीला राहा. चिराचिरी, निवडणं."

मी खिडकीकडे झेपावले. चिराचिरी! इतक्या वर्षांनी चिराचिरी! आत्यानं न बघताच मागे हात केला आणि माझ्या छातीवर ठेवला. मी जागच्या जागी अडले.

"राहीन," ती म्हणाली. "पण चण्यांचं पातेलं माझं. डब्यातले असोत नाहीतर सुके. त्यांचं मला आता कळतं. नवा माणूस येईल त्यानं बाकी सगळं करावं, त्याला मी विचारायला जाणार नाही. चण्यांना त्यानं हात लावायचा नाही."

साहेबानं तिच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या रिकाम्या वाटीकडे.

"ठीक आहे," तो म्हणाला. "चणे तुमचे."

तो गेला. मी आत येऊन रिकामे डबे पिंपात फेकले, एकेक करून, जितका आवाज होईल तितका करत. "कशाला बोललीस? सगळं जमलं होतं. सगळं जमलं होतं आपलं!" आत्यानं पातेल्यावर झाकण ठेवलं, शेगडी पुसली, एप्रन सोडला, घडी करून ओट्यावर ठेवला. आणि मागच्या दारानं निघाली.

मला वाटलं घरीच चालली. मी पिंप सोडून मागे धावले.

ती घरी नाही गेली. वळसा घालून शेडमध्ये शिरली. इतक्या वर्षांत तिनं खिडकीच्या या बाजूला पाय ठेवला नव्हता. जेवायची ती नंतर, ओट्याशी, उभ्यानंच. ती बाकाजवळ जाऊन थांबली. वेल्डरनं वर बघितलं, मग काही न बोलता सरकला. त्याच्या पलीकडचा सरकला, त्याच्या पलीकडचा पण. जागा झाली. आत्या बसली.

"ठिणगे," ती म्हणाली. "वाढ मला."

मी ताट आणलं. रस्सा, ब्रेड, कांद्याची फोड. तिच्या समोर ठेवलं आणि जागा नव्हती तरी तिच्या शेजारी घुसून बसले. सगळे आपापलं ताट पुढे घेऊन बसलेले, पण खात कुणी नव्हतं. आत्यानं ब्रेड मोडला, रश्शात बुडवला, दोन चणे त्यावर ओढून घेतले आणि घास तोंडात घातला. सावकाश चावला.

"कसं झालंय, आत्या?" वेल्डरनं विचारलं. सवयीनं विचारलं असेल, एकमेकांना विचारतात तसं. विचारलं आणि त्याच्या लक्षात आलं. त्यानं जीभ चावली. मान खाली घातली.

आत्यानं घास पूर्ण चावून गिळला.

"गरम आहे," ती म्हणाली, आणि ब्रेडचा पुढचा तुकडा मोडला.